मोबाइलवर वाचणारे आम्हीही पैसे देऊनच वाचतो

माननीय संपादकसाहेब,

गेल्या रविवारच्या अंकात एका वाचकबंधूंचं पत्र आलंय, मराठी प्रकाशक एकामागोमाग शटर ओढतायत याचं कारण म्हणजे मोबाइलवर वाचणारी मंडळी, ह्यांना सगळं फुकट पाहिजे, वगैरे. ते पत्र वाचलं तेव्हा मी काउंटरवर होते (डिचोलीत आमचं औषधांचं दुकान आहे) आणि त्याच्या आधी पाच मिनिटं मी मोबाइलवरच एक कादंबरी वाचत होते, विकत घेतलेली. त्यामुळे जरा झोंबलंच. म्हणून हे पत्र, थोडं लांबलंय, काटछाट करायची तर करा, पण पैशाचा भाग तेवढा ठेवा.

आधी कबुली देऊन टाकते. पत्रलेखक अर्धे बरोबर आहेत. आमच्या वाचनवेड्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दर चवथीनंतर सुरू होतं, कुणीतरी चाळीस दिवाळी अंकांच्या पीडीएफ एकदम टाकतो, खाली पंचवीस जण हात जोडलेले आणि 'धन्यवाद दादा'. मीसुद्धा एकदोनदा पुढे ढकललंय, तेव्हा काही वाटलं नव्हतं, खोटं कशाला बोलू. पण सगळे ईबुकवाले त्याच माळेतले मणी असं म्हणाल तर ते नाही पटत. माझ्याकडे आजमितीला दीडशेच्या आसपास मराठी ईबुकं आहेत, म्हणजे होती, त्यातली काही गेली, ते पुढे सांगतेच. त्यातल्या प्रत्येकाचे पैसे मोजलेत.

आणि ईबुक का घेते तर हौस म्हणून नाही. आमच्या बाजारात गाईडं आणि वह्या मिळतात, कादंबरी मागितली तर पणजी किंवा म्हापसा गाठा. घाटावरनं मागवली तर पोस्टाचा खर्च. आणि आली तरी ठेवायची कुठे, गोव्यातला पाऊस काय चीज आहे ते तुम्हाला वेगळं सांगायला नको, जूनमध्ये कपाट बंद केलं की चवथीला उघडेपर्यंत पुठ्ठ्यांवर पांढरी बुरशी. डांबरगोळ्या ठेवून बघितल्या, कापूर ठेवून बघितला, आमच्या सासऱ्यांच्या वेळची अर्धी पुस्तकं वाळवीने नेली. वर चाळिशी कधीच ओलांडलेली, अक्षर मोठं करता येतं आणि वीज गेली तरी वाचता येतं, एवढं मला पुष्कळ आहे.

आता मुद्द्यावर येते. तीन वर्षांमागे एक मराठी ईबुकांचं अ‍ॅप बंद झालं. नाव नाही लिहीत, भांडण काढायचं नाहीये. एक दिवस उघडलं तर लॉगिन होईना, ओटीपी येईना, आठवडाभराने अ‍ॅपच नाहीसं. ईमेल केला तो परत आला. त्यात माझी 23 पुस्तकं होती. पैसे गेले त्याचं फार नाही, सगळी मिळून दोनेक हजारांची असतील, पण त्यात एक पुस्तक आमच्याच तालुक्यातल्या एका मास्तरांचं होतं, खाणबंदीवरची छोटी कादंबरी, 2012 ला खाणी बंद पडल्या तेव्हा कर्ज काढून ट्रक घेतलेल्या माणसांच्या घरात काय काय झालं ते. ज्यांचे ट्रक दारात उभे राहून गंजले त्यातले अर्धे आमचे गिऱ्हाईक, उधारीच्या वहीत त्यांची नावं अजून आहेत. ते पुस्तक मला परत पाहिजे होतं. छापील शोधलं तर प्रकाशकानेच गाशा गुंडाळलेला, फोन लागत नाही, पाचशे प्रती काढल्या होत्या त्यातल्या उरलेल्या रद्दीत गेल्या म्हणे.

मग सरळ मास्तरांच्या घरी गेले. तशी ओळख होतीच, बीपीच्या गोळ्या आमच्याकडनंच जातात. म्हटलं सर, तुमच्या पुस्तकाचे मी नव्वद रुपये दिले होते, तुमच्यापर्यंत किती पोचले? ते हसले. पंचवीस लेखकप्रती मिळाल्या होत्या, त्या वाटून संपल्या, ईबुक काढलंय हेच त्यांना माझ्याकडनं कळलं! रॉयल्टीचा कागद कधी आला नाही, मास्तरांनी कधी विचारला नाही. मी म्हटलं निदान माझे तरी पैसे घ्या, तर म्हणाले, "बाये, पयशे नाकात म्हाका, तुवें वाचलें न्ही, जालें." (पैसे नकोत मला, तू वाचलंस ना, झालं.) असं म्हणणारी माणसं आहेत म्हणून तर त्यांचं सगळं असं होतं.

पण त्या दिवशी एक गोष्ट बघितली ती सांगायलाच हवी, कारण प्रकाशक बंद पडतो म्हणजे नेमकं काय बंद पडतं हे मला तिथे कळलं. मास्तरांच्या सुनेने कॉम्प्युटर उघडला. पुस्तकाची फाइल होती, डीटीपी करणाऱ्याने कधीतरी पेनड्राइव्हवर दिलेली, पेजमेकरमधली (पानं जुळवायचं जुनं सॉफ्टवेअर). पेजमेकर आता कुणाकडे आहे? आणि मजकूर श्रीलिपीत, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये. तो फाँट कॉम्प्युटरवर नसेल तर मराठी दिसतच नाही, नुसती इंग्रजी अक्षरं, मध्येच टक्क्याचं चिन्ह, मध्येच डॉलर. मास्तर खुर्चीत बसून ते बघत होते. स्वतःचीच कादंबरी, एक ओळ वाचता येत नाही. वहीत लिहिलेला मूळ मजकूर प्रकाशकाकडे दिलेला, तो परत आलाच नाही.

सुनेने नेटवरचा कन्व्हर्टर लावून ते युनिकोडमध्ये आणलं तर निम्मं सुधारलं, निम्मं आणखी बिघडलं. पहिली वेलांटी अक्षराच्या आधीच उभी, 'चिखल' चा 'िचखल', तिच्याखाली टिंबांचं वर्तुळ. रफार तर सगळे घसरून पुढे, 'कर्ज' चं 'कजर्'. आणि कादंबरी कर्जावरची! पानात दहा वेळा 'कजर्'. मी म्हटलं हे मी दुरुस्त करून देते, दुपारी दोन ते चार दुकानात चिटपाखरू नसतं. चार महिने लागले. एकशे बारा पानं.

तर फाइल मिळाली, आता हक्क. मास्तर म्हणायचे हक्क प्रकाशकाचे, करार केलाय. करार म्हणजे एक पानाचा कागद, 2013 चा, त्यात मुदत लिहिलेली नाही, ईबुकाचं नाव नाही. आमच्या ओळखीच्या एका वकिलाने बघून सांगितलं की कॉपीराइट कायदा 1957 चा आहे, त्याच्या कलम 19 मध्ये म्हटलंय की करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरायची. म्हणजे 2018 लाच हक्क मास्तरांकडे परत आले होते आणि कुणालाच पत्ता नाही! शिवाय 2012 च्या दुरुस्तीनंतर कायदा असंही म्हणतो की करार करताना जे माध्यम चालू वापरात नव्हतं ते करारात नाव घेऊन लिहिलेलं नसेल तर त्याचे हक्क गेले असं धरता येत नाही. आता ज्यांची पुस्तकं 1980 ला, 1990 ला आली त्यांचे करार (असले तर) ईबुकाबद्दल काय बोलणार? गोव्यात असे कितीतरी लेखक, कितीतरी लेखकांचे वारस घरात असतील, ज्यांना वाटतंय की प्रकाशक मेला म्हणजे पुस्तक मेलं. आधी तो कागद काढा आणि वाचा, एवढंच सांगते.

हे फक्त आपल्याकडचं आहे असंही नाही. वेस्टलँड आठवत असेल, इंग्रजीतलं मोठं नाव, अ‍ॅमेझॉनने विकत घेतलेलं, 2022 च्या फेब्रुवारीत अ‍ॅमेझॉननेच सांगितलं बंद करतोय. लेखक लोकांना सांगत सुटले की पुस्तकं आत्ताच घ्या, नंतर मिळणार नाहीत. पुढे प्रतिलिपी ह्या गोष्टींच्या अ‍ॅपवाल्यांबरोबर तीच टीम परत उभी राहिली हे त्यांचं नशीब. अमेरिकेत ऑल रोमान्स ईबुक्स म्हणून दुकान होतं (हो, मी इंग्रजी रोमान्सही वाचते, हसू नका), त्यांनी 2016 च्या डिसेंबरात, 28 तारखेला जाहीर केलं की 31 ला बंद. तीन दिवस! वाचकांनी आपापलं डाउनलोड करून घ्यावं, आणि ज्यांचे पैसे देणं होते त्यांना म्हणाले डॉलरला दहा सेंट घ्या आणि विषय मिटवा. वाचकाने पैसे पूर्ण दिले होते हो. ते मध्येच अडकले आणि लेखकाच्या हातावर रुपयाला दहा पैसे. मायक्रोसॉफ्टने 2019 ला ईबुकांचं दुकान बंद केलं तेव्हा सगळ्यांचे पैसे परत दिले हे मान्य, ज्यांनी पुस्तकात खुणा-टिपणं केली होती त्यांना 25 डॉलर जादा दिले, पण पुस्तकं गेली ती गेली. आपण 'बाय' चं बटण दाबतो पण किंडलच्या (अ‍ॅमेझॉनचं ईबुकांचं दुकान आणि वाचायचं यंत्र) अटींत स्वच्छ लिहिलंय की हा वाचायचा परवाना आहे, विक्री नव्हे. पूर्वी निदान घेतलेलं पुस्तक कॉम्प्युटरवर उतरवून केबलने किंडलवर चढवायची सोय होती, तीही त्यांनी 2025 च्या फेब्रुवारीत काढून टाकली.

औषधाच्या स्ट्रिपवर एक्सपायरी छापलेली असते. ईबुकावर नसते, एवढाच फरक. मी गंमतीने म्हणत नाहीये, माझ्या दुकानातली कंपनी बंद पडली तरी शेल्फावरचा माल तारखेपर्यंत चालतो.

आता पैशाचं, कारण पत्रलेखकांचा खरा रोख तोच आहे. छापील पुस्तक तीनशेचं असलं तर त्यातला मोठा वाटा वितरक आणि दुकानदार नेतात, लेखकाला दहा टक्के असं बहुतेक करारात असतं, म्हणजे तीस रुपये, तेही मिळाले तर, वर्षाने, हिशेब लागला तर. लेखकाने स्वतः किंडलवर पुस्तक टाकलं तर त्याच्या वाट्याचे दोन दर आहेत, 35 टक्के आणि 70 टक्के. 70 चं ऐकून हुरळून जाऊ नका, भारतातल्या विक्रीवर 70 पाहिजेत तर ते ईबुक नव्वद-नव्वद दिवसांच्या बोलीवर फक्त त्यांच्याच दुकानात ठेवायचं, दुसरीकडे विकायचं नाही, स्वतःच्या वेबसाइटवर पण नाही. नाहीतर 35. आणि 35 धरले तरी शंभराच्या ईबुकाला पस्तीस रुपये झाले, म्हणजे तीनशेच्या छापील पुस्तकापेक्षा पाच जास्तच, आणि वाचकाचे दोनशे वाचले. महिन्याच्या वर्गणीवर वाचणारे असतात, त्यांना वाटतं आपण डाउनलोड केलं की लेखकाला पैसे गेले. तसं नाही, तिथे किती पानं वाचली त्यावर मोजतात. घेऊन ठेवलं आणि उघडलंच नाही तर लेखकाला शून्य. म्हणून कुणाच्या पुस्तकाला मदत म्हणून घेत असाल तर बाबांनो वाचा पण.

सरकारचंही एक आहे. छापील पुस्तकाला जीएसटी नाही. ईबुकाला आहे, आधी सरसकट 18 टक्के होता, 2018 ला तो 5 वर आणला पण ज्याची छापील आवृत्ती आहे त्याच्यापुरता. म्हणजे ज्या बिचाऱ्याला प्रकाशकच मिळाला नाही म्हणून त्याने नुसतं ईबुक काढलं त्याच्या वाचकावर जास्त बोजा. हे कुणाच्या डोक्यातनं आलं कोण जाणे.

मी स्वतः आता कशी घेते ते सांगते, कुणाला पटलं तर बघा. पुस्तक आवडीचं वाटलं की आधी लेखक स्वतः विकतोय का ते शोधते, फेसबुकवर विचारते, लाजत नाही. बरेच जण जीपेवर पैसे घेऊन ईपब (ईबुकाची फाइल) पाठवतात, त्यात मध्ये कुणी नाही, शंभराचे शंभर पोचतात. तसं नसेल तर प्रकाशकाच्या स्वतःच्या साइटवरनं, मग बुकगंगा, मग किंडल. कुलूप नसलेली फाइल (म्हणजे जिची नक्कल करता येते अशी) मिळाली की तिची एक प्रत मोबाइलबाहेर, दुकानाच्या हार्ड डिस्कवर, बिलांच्या बॅकअपच्या शेजारीच. ही प्रत मी कुणाला पाठवत नाही. मागणारे असतात, "पाठव गो, तुज्याकडे आसा न्ही," मी म्हणते लेखकाचा नंबर पाठवते. दोन मैत्रिणी रागावल्यात, एक अजून बोलत नाही. आणि वाचून झालं की चार ओळी का होईना अभिप्राय लिहिते, मराठीत, कारण मराठी पुस्तकाखाली अभिप्रायच नसतात, पुढचा माणूस घ्यायला बिचकतो.

काही प्रकाशक मला म्हणतील की कुलूप काढलं तर पीडीएफ उद्या सगळ्या ग्रुपवर. अहो, छापील पुस्तक स्कॅन करून फिरवतातच की, कुलपाने चोर अडत नाही, माझ्यासारखं पैसे दिलेलं गिऱ्हाईकच बाहेर राहतं. किंडलवर पुस्तक टाकताना कुलूप पाहिजे की नको हे लेखकाला निवडता येतं, मास्तरांच्या सुनेने 'नको' वर खूण केली. मी शेजारीच बसले होते.

तुम्ही म्हणाल एवढा आटापिटा कशाला, पुस्तकं येतात जातात. पण आपण गोव्यातले आहोत. छापखाना भारतात पहिल्यांदा आला तो गोव्यात, 1556 ला. फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण, आपल्या मराठीतलं, 1616 ला रायतूरला छापलं, मग 1649 ला, मग 1654 ला. ह्या तिन्ही आवृत्त्यांची एकसुद्धा छापील प्रत आज कुणाला सापडलेली नाही. पुस्तक तरीही आपल्यापर्यंत आलं ते कशामुळे तर लोकांनी हाताने नकला करून ठेवल्या होत्या म्हणून. छापणारा गेला, छापलेलं गेलं, वाचणाऱ्याने उतरवून घेतलेलं तेवढं राहिलं. आता मला सांगा, माझ्या त्या 23 पुस्तकांची नक्कल मला करता येत नव्हती, अ‍ॅपमध्ये कॉपीसुद्धा चालायचं नाही, स्क्रीनशॉट काढला तर काळं पान यायचं.

1954 चा कायदा आहे, प्रकाशकाने प्रत्येक पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना द्यायची असा, तो कागदाच्या काळातला. आपल्याकडे पणजीत पाटोला कृष्णदास शामा ग्रंथालय आहे, 1832 पासूनची परंपरा सांगणारी संस्था, एवढी मोठी इमारत. गोव्यातल्या लेखकांनी आपापल्या पुस्तकाची फाइल, युनिकोडातली, तिथे नेऊन ठेवावी आणि ग्रंथालयाने ती ठेवून घेऊन पावती द्यावी, एवढं जमू नये? विकायची नाही, फुकट वाटायची नाही, नुसती सांभाळायची. एक कॉम्प्युटर आणि एक माणूस. मराठीच्या नावाने ज्या संस्था अनुदान घेतात त्यांनी हे मनावर घेतलं तर संमेलनाच्या मांडवाच्या खर्चात होऊन जाईल (हे वाक्य कापाल, माहीत आहे).

आणि जे प्रकाशक बंद करतायत त्यांच्याबद्दल मला राग नाही. धंदा आहे, आमच्या बाजारातली पण दोन दुकानं गेली. पण आम्ही दुकान बंद करतो तेव्हा उरलेला माल कंपनीला परत जातो, त्याचा कागद होतो. तसंच लेखकाला त्याची फाइल द्या, हक्क परत केल्याची दोन ओळींची चिठ्ठी द्या, आणि ज्यांनी ईबुकं घेतलीत त्यांना महिनाभर आधी कळवा. खर्च काय आहे त्याला?

मास्तरांची कादंबरी परत आली, गेल्या श्रावणात. किंडलवर आहे, 35 टक्क्यांचाच दर घेतला आणि सुनेच्या जीपेवर पैसे पाठवले तर ईपबही मिळते, शंभर रुपये. आतापर्यंत जीपेवरनं 37 जणांनी घेतली, त्यातले निम्मे आमच्या काउंटरवर उभे राहून. पहिले शंभर रुपये माझे होते, ह्या वेळी मी मास्तरांना विचारलंच नाही, थेट सुनेला पाठवले. चौऱ्याहत्तराव्या पानावर एक 'कजर्' राहून गेलाय, तो माझ्या नजरेतनं सुटला, पुढच्या वेळी फाइल बदलताना काढू.

एक विनंती तुम्हालाच. तुमच्या रविवार पुरवणीत पुस्तक परिचय येतो, त्याच्याखाली पानं, किंमत, प्रकाशक एवढं छापता. त्याच चौकटीत आणखी एक ओळ टाका, ईबुक आहे का, आणि लेखकाकडनं थेट घ्यायचं तर कुठे. परवाच एका पुस्तकाचा इतका छान परिचय आला होता, घ्यावं म्हणून प्रकाशकाला फोन केला तर तो नंबर आता एका बेकरीचा आहे.

— एक औषधवाली वाचक, डिचोली